कंट्रोल केबलची टोकं : तपासणीच्या नोंदी

४ नोव्हेंबर

विमान आज हँगरात घेतलं. चार आसनी, एक इंजिनाचं, धातूचं विमान, वय तिशीच्या पुढे. निमित्त वार्षिक तपासणीचं, पण मालकाशी बोलून या खेपेला एक काम वाढवून घेतलंय: एलेरॉन (विमान कलवणारे पंखांच्या कडेचे भाग), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटाचा आडवा भाग), रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभा भाग) आणि ट्रिम (कंट्रोलवरचा जोर हलका करणारा छोटा टॅब) या सगळ्या सर्किटांतल्या केबलची टोकं एकूण एक उघडी करून बघायची. केबलकडे दरवर्षी लक्ष जातंच. फडकं फिरवतात, पुल्या बघतात, ताण मोजतात. पण केबल संपून टर्मिनल, म्हणजे तिच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड, सुरू होतं तिथे सेफ्टी वायर (जोड आपोआप फिरून सुटू नये म्हणून बांधलेली बारीक तार) गुंडाळलेली असते, कधी वर टेपही असते, आणि उरलेलं स्टील चकचकीत दिसतं. नजर पुढे सरकते.

लॉगबुकं चाळली. एलेरॉनच्या केबल मध्यंतरी बदलल्याची नोंद आहे, पार्ट नंबरांसकट. रडरच्या एका केबलचीही आहे. एलिव्हेटरबद्दल मात्र दरवर्षी तेच एक वाक्य: ‘कंट्रोल केबल तपासल्या, ठीक.’ कारखान्यातून निघाल्यापासून त्या बदलल्या की नाही, हे कागदावरून ठरत नाही. नोंद नाही म्हणजे बदललेल्या नाहीत असंच धरायचं, असं सरांचं म्हणणं, आणि शेवटी सही त्यांची असते.

जुन्या पानांवरून आणखी एक गोष्ट कळली. विमान काही वर्षं समुद्राकाठच्या धावपट्टीवर, उघड्यावर उभं असायचं. ही माहिती माझ्या वहीत वेगळी उतरवून ठेवली. उद्या पॅनल उघडायला सुरुवात.

५ नोव्हेंबर

पॅनल, मागची सीट, केबिनची फरशी आणि शेपटाकडचं झाकण काढण्यातच दिवस गेला. संध्याकाळी धाकट्या मेकॅनिकला घेऊन बसलो, कारण त्याने विचारलं, ‘दादा, स्टेनलेस आहे ना? मग गंज कशाला शोधायचा?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

स्टेनलेस गंजत नाही हे अर्धसत्य आहे. त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरतं, आणि खालच्या लोखंडाला तोच थर राखतो. थर ओरबाडला तर हवेत पुन्हा धरतो. पण क्लोराइड, म्हणजे मिठातलं ते क्लोरीन, जिथे साचून राहतं आणि जिथे हवा खेळत नाही, तिथे थर एखाद्या बिंदूपाशी फुटतो आणि परत धरत नाही. त्या बिंदूला खड्डा पडतो. बाकी सगळा भाग आरशासारखा राहतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

जुन्या केबलची बरीच टर्मिनलं ३०३ एसई या जातीच्या स्टीलची आहेत. १७ ते १९ टक्के क्रोमियम, ८ ते १० टक्के निकेल, आणि मुद्दाम घातलेलं थोडं सेलेनियम. सेलेनियम घालायचं कारण लेथवर आहे: त्यामुळे चुरा लांब गुंडाळ्यांऐवजी तुटक पडतो आणि काम भराभर होतं. पण सेलेनियमचे कण धातूत मिसळून जात नाहीत, बारीक रेघांसारखे वेगळे पडून राहतात. जिथे असा कण पृष्ठभागावर येतो तिथूनच खड्ड्याला सुरुवात मिळते. कापायला सोपं म्हणून निवडलेलं स्टील मिठापुढे कच्चं ठरतं, असा हा व्यवहार आहे.

दुसरी बाजू ताणाची. टर्मिनलच्या नळीत केबल घालून ती नळी थंडच दाबली जाते, याला स्वेजिंग म्हणतात. ⅛ इंची केबलच्या टर्मिनलचा बाहेरचा व्यास दाबण्याआधी ०.२५० इंच असतो, दाबल्यावर ०.२१९ इंच होतो. एवढा धातू थंडपणी चेपल्यावर आत ताण अडकून राहतोच. त्यावर केबलचा स्वतःचा ताण चोवीस तास असतो, विमान उडत असो वा उभं असो. ताण, क्लोराइड आणि अशी जात, ही तिन्ही एकत्र आली की खड्ड्याच्या तळाशी तडा सुरू होतो. इंग्रजी कागदांत याला स्ट्रेस करोजन क्रॅकिंग म्हणतात, आम्ही आपलं ‘एससीसी’ म्हणून मोकळे होतो. याला झिजणारी केबल लागत नाही की जास्त उड्डाणंही लागत नाहीत. उभ्या विमानातही तडा वाढतो, म्हणून उड्डाणाच्या तासांवरून या टोकांचं वय काढणं निरर्थक आहे.

धाकट्याचा पुढचा प्रश्न: ‘मग आपण आजवर का नाही बघितलं?’ बघितलं जायचं, पण जे दिसतं तेच. झाकलेलं उघडून बघा असं स्पष्ट सांगणारे कागद नंतर आले. अमेरिकेची विमान नियामक संस्था एफएए हिने २०१३ साली पायपर कंपनीच्या काही मॉडेलसाठी स्टॅबिलेटरच्या (एलिव्हेटरचं काम करणारं, अखंड हलणारं आडवं शेपूट) केबल आणि टर्नबकल (दोन टर्मिनल जोडून ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड) तपासायचा आदेश काढला. ऑस्ट्रेलियाची नियामक संस्था कासा त्याहून पुढे गेली: या जातीच्या टर्मिनलच्या मुख्य कंट्रोल केबलना तिने १५ वर्षांची मुदतच घालून दिली. आमच्या विमानाला यांतलं काही थेट लागू नाही. धातू मात्र तोच आहे.

६ नोव्हेंबर

काही सैल करण्याआधी सगळे ताण मोजून घेतले. टेन्सिओमीटरला (ताण मोजायचं यंत्र) त्या व्यासाचा रायझर (केबलच्या जाडीप्रमाणे बदलायचा ठोकळा) लावून, प्रत्येक केबलवर तीन जागी, आणि शेजारी हँगरचं तापमान. तापमान लिहिणं ही औपचारिकता नाही. विमानाचा सांगाडा अॅल्युमिनियमचा, केबल स्टीलची. साध्या कार्बन स्टीलच्या जवळपास दुप्पट अॅल्युमिनियम पसरतं. थंडीत सांगाडा जास्त आखडतो आणि केबल ढिली पडते, उन्हात सांगाडा फुगतो आणि केबल ताणली जाते. मॅन्युअलमधला तक्ता म्हणूनच तापमानासकट दिलेला असतो. थंड सकाळी ताण भरून दुपारी मोजला की ‘कोणी छेडलं का याला?’ असा वाद हमखास होतो.

एलिव्हेटरच्या एका केबलचा ताण तक्त्यापेक्षा बराच जास्त निघाला. कोणीतरी मागे एकदा ‘थोडं घट्ट बरं’ म्हणून पिळलेलं दिसतंय. कंट्रोल जड होतात, पुलीचे बेअरिंग लवकर जातात, आणि आपल्या विषयापुरतं सांगायचं तर टर्मिनलवरचा कायमचा ताण वाढतो. तपासणीच्या यादीत ही केबल पहिली.

त्यानंतर कंट्रोल लॉक लावले, प्रत्येक टोकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली (सर्किट, बाजू, पुढचं की मागचं टोक) आणि फोटो काढले. चिठ्ठ्या बांधायला कंटाळा येतो, पण दोन सारख्या केबल हातात लोंबकळत असताना कुठली कुठली हे आठवणीवर सोडायला मी तयार नाही.

७ नोव्हेंबर

केबलची तपासणी, थोडक्यात. सुती फडकं दोन्ही दिशांनी फिरवलं. तुटलेली तार फडक्याचा धागा पकडते. उघड्या हाताने हे करू नये, तार बोटात घुसते आणि तिथेच मोडते. नंतर ताण सोडून, पुलीवर आणि फेअरलीडमध्ये (केबल ज्यातून जाते ती वाट दाखवणारी चकती) बसणारा भाग हाताने वाकवून बघितला, कारण ताणलेल्या केबलमध्ये तुटकी तार पेडांत दडून बसते.

सगळ्या मुख्य केबल ७ बाय १९ च्या: सात पेड, प्रत्येकात १९ तारा, एकूण १३३. डाव्या एलेरॉनच्या केबलला फेअरलीडपाशी बाहेरच्या तारा घासून चपट्या झाल्यात, शेजारशेजारच्या दोन तारा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात. निम्म्याच्या आसपास झीज म्हणजे ती गेली. एक पुली जाम होती, केबल तिच्यावरून फिरण्याऐवजी घसरत होती, खाचेत एका बाजूला सपाट पट्टा. दोन्ही बदलायच्या यादीत.

केबल सॉल्व्हंटने धुवायची नाही, हे धाकट्याला दोनदा सांगितलं. बनवताना तारांच्या मध्ये वंगण भरलेलं असतं. ते धुवून निघालं की आतून गंज सुरू होतो आणि बाहेरून केबल नव्यासारखी दिसते. कोरडं फडकं पुरे.

८ नोव्हेंबर

आजपासून मुख्य काम. टर्नबकलच्या सेफ्टी वायर कापल्या. वायरचे तुकडे मोजून डबीत टाकले. फरशीखाली पडलेला एक तुकडा नेमका पुलीत जाऊन बसतो.

एलिव्हेटरच्या दोन टर्मिनलवर काळी इन्सुलेशन टेप होती. कोणी, कधी लावली, कुठे नोंद नाही. हेतू चांगला असेल, घासू नये म्हणून. पण टेपखाली ओल शिरते आणि बाहेर पडत नाही. टेपचा चिकट थर शँकवर, म्हणजे टर्मिनलच्या दांड्यावर, तसाच राहिला होता आणि त्यात बारीक वाळूसारखी घाण रुतलेली. टेप काढल्यावर कडेला तांबूस कड दिसली, साधारण टेप जिथे संपत होती तिथेच. हे मी फार वेळ बघत होतो. मधला भाग स्वच्छ, कड तांबूस. कडेला हवा आणि ओल दोन्ही पोचतात, आत हवा नाही. गंजाचा डाग बाहेर उमटतो, खड्डा मात्र आत असायची शक्यता जास्त.

म्हणून डाग पुसायच्या आधी फोटो. मग मऊ ब्रश आणि सॉल्व्हंटने भिजवलेलं फडकं, फक्त टर्मिनलच्या शँकपुरतं, केबलच्या तोंडापर्यंत जाऊ न देता. सँडपेपर, तारेचा ब्रश, स्कॉचब्राइट यांतलं काहीही वापरायचं नाही. घासलं की मऊ धातू तड्याच्या तोंडावर पसरतो आणि तडा बुजतो. साफ दिसतं, आणि बघायचं तेच हरवतं.

स्वच्छ झाल्यावर दहा पट भिंग आणि टॉर्च. टॉर्च समोरून मारायची नाही. पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, आडवी. शँकच्या सगळ्या घेराभोवती ती सावकाश फिरवली. सेफ्टी वायर जिथे गुंडाळली होती तिथे वेढ्यांच्या रेषेत खड्डे, टाचणीच्या टोकाएवढे, काही एकमेकांना जवळजवळ टेकलेले. वायर आणि शँक यांच्यामधल्या त्या केसाएवढ्या फटीत ओल टिकते, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि वायरचा ठसा खड्ड्यांनी काढलेला बघणं वेगळं.

वायरच्या छिद्राच्या कडेला एक रेघ होती. धाकटा म्हणाला, ‘ओरखडा आहे, दादा.’ मी म्हटलं, असेल. पण टॉर्च फिरव. ओरखड्याला तळ असतो, प्रकाश एका बाजूने आला की तो तळ चमकतो. ही रेघ कुठल्याही बाजूने काळीच राहिली. मग फडक्याने सॉल्व्हंट लावून पुसलं आणि बघत बसलो. सगळा शँक क्षणात वाळला, रेघ मात्र ओली राहिली, मग तिच्यातून थोडं सॉल्व्हंट परत बाहेर झिरपलं. धाकटा काही बोलला नाही, पण भिंग त्याने माझ्या हातातून काढून घेतलं.

टर्मिनल वेगळं बांधून ठेवलं. लाल चिठ्ठी.

१० नोव्हेंबर

संशयास्पद वाटलेल्या सगळ्या टर्मिनलवर आज डाय पेनेट्रंट: लाल द्रव लावून पुसायचा, मग डेव्हलपरचा पांढरा थर द्यायचा, तड्यात शिरलेला द्रव त्यावर लाल उमटतो. मॅग्नेटिक पार्टिकलचा (चुंबकीय भुकटीने तडा शोधायची पद्धत) विचारच नव्हता. या जातीचं स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही, थंड चेपलेल्या भागाला चुंबक जरासा लागला तरी तेवढ्यावर तपासणी होत नाही.

पेनेट्रंटची गोम अशी की टर्मिनल म्हणजे सरळ दांडा नाही. एका टोकाला आटे आहेत, दुसऱ्या टोकाला नळीत केबल शिरलेली आहे. केबलच्या तोंडातून लाल द्रव आत शिरला की डेव्हलपर लावल्यावर तो तिथून परत येत राहतो आणि आजूबाजूचं सगळं लाल करतो. वर केबलच्या आतलं वंगणही जातं. म्हणून केबलकडचं तोंड झाकून, द्रव ब्रशने फक्त शँकवर लावला. डबीवर दिलेल्या कमीत कमी वेळेवर न थांबता जास्त वेळ ठेवला, मध्ये सुकू दिला नाही, पुन्हा ओला केला. एससीसीचे तडे तोंडाशी फार आवळलेले असतात, द्रव आत जायला वेळ घेतो. पुसताना क्लीनर फडक्यावर घ्यायचा, पार्टवर फवारायचा नाही. फवारला की तड्यातला द्रवही धुवून निघतो.

डेव्हलपरचा पांढरा थर बसल्यावर पहिली मिनिटं तिथून हललो नाही. लाल खूण उमटताना बघावी लागते. उशिरा आलं की नुसता डाग दिसतो, आणि तो रेषेतून आला की खड्ड्यातून हे कळत नाही. आटे असलेल्या भागाने नेहमीप्रमाणे छळलं. आट्यांच्या बुंध्याशी द्रव अडकतो आणि प्रत्येक आटा लाल रेघ दाखवतो. त्या भागाला पेनेट्रंटपेक्षा भिंगच बरं.

परिणाम. परवाचं एलिव्हेटरचं टर्मिनल: छिद्राच्या कडेपासून निघून शँकच्या घेराला तिरकी जाणारी रेघ, स्पष्ट, थोडी वेडीवाकडी. शंका उरली नाही. त्याच केबलच्या दुसऱ्या टोकाला: रेघ नाही, पण एका ओळीत लाल ठिपके. रडरच्या जुन्या केबलच्या एका टोकाला: ठिपके, विखुरलेले. एलेरॉनच्या बदललेल्या केबलच्या टोकांना: काही नाही, पृष्ठभाग एकसारखा.

टर्नबकलच्या पितळी बॅरलही (मधल्या आट्यांच्या नळ्या) याच खेपेत बघून घेतल्या. पितळेचं दुखणं वेगळं, त्याला अमोनियाचं वावडं. कुठली तरी घरगुती साफसफाईची बाटली कोणी फरशीखाली वापरली असेल तर ते बॅरलवर निघतं. इथे काही निघालं नाही.

११ नोव्हेंबर

मालक आले. टर्मिनल भिंगाखाली दाखवलं. त्यांचा प्रश्न सरळ होता: ‘एकच फुटलंय ना? मग एकच बदला.’

सरांनी त्यांना दिलेलं उत्तर मला पटलं, म्हणून इथे उतरवतो. दरवर्षी थोडं थोडं झिजणारं दुखणं असतं तर एकच बदलून बाकीच्यांवर लक्ष ठेवलं असतं. या दुखण्याची चाल अशी मोजता येत नाही. खड्डा किती वर्षं खड्डाच राहील आणि त्याखाली तडा कधी धरेल, हे कोणी सांगू शकत नाही. तडा किती खोल गेलाय हे बाहेरच्या लांबीवरून कळत नाही. ताण देऊन बघू म्हणावं, तर स्वेज केलेल्या टोकाची प्रूफ टेस्ट केबलच्या तुटण्याच्या ताकदीच्या ६० टक्क्यांवर होते. ⅛ इंची स्टेनलेस केबलची ती ताकद १७६० पौंड, साध्या कार्बन स्टीलची २००० पौंड. अर्धवट चिरलेलं टर्मिनलही त्या चाचणीत आज पास होईल आणि महिन्याभराने लँडिंगला तुटेल. पासचा शिक्का त्या दिवसापुरता.

शिवाय एलिव्हेटरच्या दोन्ही केबल एकाच वयाच्या, एकाच हवेतून आलेल्या. एक बदलून दुसरी ठेवण्याला ‘तिचं अजून दिसलं नाही’ याखेरीज कारण नाही.

ठरलं: एलिव्हेटरच्या दोन्ही केबल, रडरची जुनी केबल आणि ट्रिमच्या केबल पूर्ण बदलायच्या, टर्नबकलसकट. एलेरॉनची घासलेली केबल झिजेमुळे. मालकांनी मान डोलावली, पण विमान किती दिवस खोळंबणार हे तीनदा विचारलं. मी असतो तर मीही विचारलं असतं.

दोषाची सूचना नियामकाकडे आणि विमान बनवणाऱ्याकडे पाठवायचा मसुदा केला. पार्ट नंबर, माहीत असलेलं वय, फोटो, टेपचा उल्लेख. अशा सूचना जमल्या तरच पुढे कोणी आदेश काढतं. ‘आमचं तर बदललं, कागद कशाला’ हा विचार हँगराहँगरांत मुरलेला आहे आणि मला तो मुळीच आवडत नाही.

१४ नोव्हेंबर

तडा गेलेलं टर्मिनल आणि त्याच केबलचं दुसरं टोक धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे गेलं. पाठवताना पुसलं नाही, तेल लावलं नाही, वाकवूनही बघितलं नाही. डेव्हलपरचा थर तसाच ठेवला आणि पेनेट्रंट वापरलंय हे सोबतच्या कागदावर लिहिलं. तडा उघडून बघायची खुमखुमी सगळ्यांनाच होती. पण एकदा तुटलेल्या कडा एकमेकींवर घासल्या की वाचायला काही उरत नाही.

२५ नोव्हेंबर

केबल आल्या. खोकं उघडून आधी कागद बघितले, मग माल. रिलीज सर्टिफिकेट आहे, प्रूफ लोड केल्याची पट्टी प्रत्येक केबलवर आहे. टर्मिनलचं मटेरियल लिहून मागितलं होतं, तेही आलं. पार्ट नंबर जुना तोच असला तरी आतला धातू कोणता हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि पुढच्या वेळी इथे जो उभा असेल त्याला ते लागेल.

प्रत्येक शँक गो–नो-गो गेजमधून (दाबलेला व्यास मर्यादेत आहे का हे दाखवणारं माप) काढून बघितला. केबल आणि नळी जिथे भेटतात तिथे रंगाची पट्टी ओढली. पुढे कधी केबल नळीतून सरकली तर रंग फाटेल. भिंगाखाली सगळे नवे शँकही घेतले. धाकटा हसला, पण स्वेज करतानाच चिरलेलं टर्मिनल ही काही ऐकिवातली गोष्ट नाही.

२७ नोव्हेंबर

जुन्या केबल काढताना टोकाला दोरी बांधून दोरी मागे सोडली होती, त्याच दोरीने नव्या आत ओढल्या. प्रत्येक पुलीवर केबल खाचेत आहे का आणि गार्ड पिन परत बसली का, हे हात घालून आणि आरशात बघून. फेअरलीड सगळे नवे.

टर्नबकल. बॅरलच्या ज्या टोकाला बाहेरून खाच आहे तिकडे उलटे आटे. दोन्ही टर्मिनल एकाच वेळी लावून सारखे आत घ्यायचे, नाहीतर एक पूर्ण आत आणि दुसरं अर्धं बाहेर असं होतं. ताण भरून झाल्यावर बॅरलच्या बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत. एका टर्नबकलला चार दिसले. दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवली.

लॉकिंगला या विमानात जिथे बॅरलला क्लिपसाठी आतून खाचा आहेत तिथे क्लिप लावल्या, बाकी ठिकाणी सेफ्टी वायर. क्लिपचा मला एक फायदा वाटतो: शँकभोवती वेढे येत नाहीत, म्हणजे ओल धरणारी ती फटच राहत नाही, आणि पुढच्या वर्षी शँक उघडा बघायला मिळतो. वायर जिथे लावली तिथे वेढ्यांखाली आधी गंजरोधक द्रवाचा पातळ हात दिला. टेप कुठेही नाही. मॅन्युअलमध्ये टेप सांगितलेली नाही, मग कोणाच्या हौसेने ती परत येऊ नये म्हणून वर्कशीटमध्ये तसं स्पष्ट लिहिलं.

२८ नोव्हेंबर

रिगिंग, म्हणजे कंट्रोल जुळवणं. सगळे कंट्रोल न्यूट्रलला, म्हणजे मधल्या स्थितीत, लावून ताण तक्त्याप्रमाणे भरले, तापमान लिहिलं. हालचालीची मर्यादा प्रोट्रॅक्टरने मोजली, थांबे कंट्रोल सरफेसकडे आधी लागतात की कॉकपिटमध्ये, तेही बघितलं.

मग दिशा. ही तपासणी पोरकट वाटते. स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन वर, डावा खाली. स्टिक मागे, एलिव्हेटरची मागची कड वर. उजवा पेडल, रडर उजवीकडे. ट्रिमचं चाक आणि टॅब यांची दिशा तर उलटीच वाटते, म्हणून मॅन्युअल हातात धरून. केबल बदलल्यावर उलटी जोडणी होऊन विमानं पडलेली आहेत, आणि तीसुद्धा जाणत्या हातांखालून. म्हणून दुसरी तपासणी ज्याने कामाला हात लावला नाही अशाच माणसाने करायची. शेजारच्या विमानावरचे एक इंजिनिअर आले. मी कॉकपिटमध्ये बसून काय हलवतोय हे त्यांना सांगितलं नाही, त्यांनी जे दिसलं ते ओरडून सांगितलं. जुळलं. त्यांनी प्रत्येक लॉकही स्वतः हात लावून बघितला.

९ डिसेंबर

प्रयोगशाळेचा अहवाल आला. सुरुवात सेफ्टी वायरच्या छिद्राजवळच्या खड्ड्यातून. तड्याचा छेद घेतलेला फोटो जोडलाय: खड्ड्याच्या तळापासून झाडाच्या मुळ्यांसारख्या फांद्या फुटत आत गेल्यात, धातूच्या कणांच्या कडांनी न जाता कणांमधून आरपार. या जातीच्या स्टीलमध्ये क्लोराइडने येणाऱ्या एससीसीची हीच ओळख. खड्ड्यातल्या गाळात क्लोरीन सापडलं. थकव्याच्या खुणा, म्हणजे वारंवार ताण-ढील झाल्यावर उमटणाऱ्या रेषा, नाहीत. म्हणजे उड्डाणांनी हा तडा वाढवला नाही, उभ्या उभ्याच तो वाढत गेला. शँकच्या छेदाचा निम्म्याहून जास्त भाग गेलेला होता. बाहेरून मी पाहिलेली रेघ नखाएवढीही नव्हती.

त्याच केबलच्या दुसऱ्या टोकाला, जिथे फक्त ठिपके दिसले होते, तिथे एका खड्ड्याखाली उथळ तडा धरलेला सापडला. पेनेट्रंटने तो रेघ म्हणून दाखवला नव्हता. मालकांना हे पान वेगळं पाठवलं.

सूचनेच्या कागदाला अहवाल जोडून दोन्हीकडे पुन्हा धाडला.

१० डिसेंबर

लॉगबुकातली नोंद सरांनी सांगितली, मी लिहिली. ‘तपासल्या, ठीक’ या धाटणीत नाही. कुठल्या केबल बदलल्या, पार्ट नंबर, टर्मिनलचं मटेरियल, बसवल्याची तारीख, आणि न बदललेल्या टोकांची स्थिती एकेक करून. एलेरॉनच्या ज्या केबल ठेवल्या त्यांच्या टर्मिनलसाठी पुढल्या वार्षिकला सेफ्टी वायर काढून दहा पट भिंगाने तपासणी, आणि बसवल्यापासून १५ वर्षांवर बदल, असं मालकांच्या संमतीने देखभालीच्या कार्यक्रमात घातलं. आमच्यावर तसं बंधन नाही, पण आकडा कुठूनतरी घ्यायचा तर विचार करून ठरवलेला घ्यावा.

बाकी राहिलेलं: रडर पेडलकडच्या दोन क्लेव्हिस पिनांवर (केबलचं टोक पेडलला जोडणाऱ्या खिळ्यांवर) गंजाचे ठिपके आहेत, पिन मागवल्यात, तोवर विमान सोडायचं नाही. शेपटाकडच्या झाकणाचं रबर फाटलंय आणि पाणी तिथूनच आत जात असावं. त्याचा पार्ट नंबर शोधायचं काम धाकट्याकडे.